एका ओळीतले दोन रकाने

सुई टोचून नशा करणाऱ्यांमध्ये काम करणाऱ्या एखाद्या संस्थेचा सरकारी करार संपतो तेव्हा उरलेल्या सिरिंजा परत जातात, खुर्च्या-टेबलं दुसऱ्या प्रकल्पाला जातात आणि भाड्याची खोली मालकाच्या ताब्यात जाते. मागे राहतं कपाट. लाइन लिस्टची रजिस्टरं, भरलेल्या फॉर्मांचे गठ्ठे, मुलाखतींच्या कॅसेटी, चालेल की नाही याचा भरवसा नसलेली एखादी हार्ड डिस्क. खाली बोलणारे दोघे अशाच एका कपाटावरून भांडताहेत. दोघेही मी रचलेले, त्यांची कल्याणमधली संस्थाही रचलेलीच. ते ज्या कायद्यांचा, पाहण्यांचा आणि आकड्यांचा हवाला देतात ते खरे आहेत.

ताई कल्याण, उल्हासनगर, भिवंडी या पट्ट्यात आउटरीच वर्कर म्हणून लागली आणि पुढे प्रकल्प सांभाळू लागली. डॉक्टर डोंबिवलीचे. दवाखाना नाही, साथरोगांची आकडेवारी हे त्यांचं काम, त्यासाठी रोज सकाळची लोकल. ओळख जुनी, त्यामुळे कुणी कुणाची भीड ठेवत नाही.

डॉक्टर : रद्दीत नाही ना घालणार?

ताई : रद्दीत? डॉक्टर, त्या कागदात भेळ बांधून मिळेल लोकांना. दुर्गाडीला खाडीकाठी नेऊन जाळणार आहे.

डॉक्टर : इतक्या वर्षांचं काम जाळणार?

ताई : काम माणसांत झालं. कागद वर दाखवायला होते. दर महिन्याला डॅपकूकडे, म्हणजे जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कक्षाकडे, आकडे गेले, तिथून मुंबईला गेले. मूळ रजिस्टर कुणी उघडून पाहिलं नाही. पहिल्यांदा तुम्हीच मागताय.

डॉक्टर : मूळ माहिती हाती आल्यावर काय होतं ते एकदा या देशाने पाहिलंय, म्हणून मागतोय. २००६ पर्यंत आपण भारतात एचआयव्ही झालेले किती म्हणत होतो? नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, हिशेबाने ५२ लाख, यूएनएड्सच्या हिशेबाने ५७ लाख. हा अंदाज मुख्यतः दवाखान्यात येणाऱ्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाच्या ओपीडीतले पेशंट यांच्या रक्तावर उभा होता. मग २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदा घरोघरी जाऊन बोटाच्या रक्ताचे थेंब घेतले. १५ ते ४९ वयात प्रमाण निघालं ०.२८ टक्के. महाराष्ट्रात ०.६२. जुलै २००७ मध्ये सरकारने नवा अंदाज सांगितला, सुमारे २५ लाख. निम्म्याहून कमी!

ताई : आठवतंय. तेव्हा आमच्यात एकच धास्ती, आकडा निम्मा झाला म्हणजे पैसेही निम्मे होणार.

डॉक्टर : ती धास्ती रास्त होती. पण पंचवीस लाखांहून जास्त न झालेले रुग्ण मनात धरून औषधांचा, तपासण्यांचा हिशेब मांडायचा का? आणि ती माहिती आजही अभ्यासाला मिळते. रक्ताला बारकोड, नाव नाही. मुलाखत आणि रक्ताचा निकाल जोडण्याआधी गावांचे आणि घरांचे क्रमांक उलटेपालटे केले. जगातला कुणीही ती फाइल उघडो, घरापर्यंत पोचणार नाही.

ताई : घरापर्यंत! पाहणी घरांची होती, डॉक्टर. माझी माणसं त्यात कुठे होती? ज्याला आईने उंबऱ्यातून हाकललं, जो रात्री दीडनंतर प्लॅटफॉर्मच्या टोकाला झोपतो, सकाळी आरपीएफने उठवला की पुढच्या स्टेशनाला जातो, त्याच्या दाराची कडी कुणी वाजवली?

(इथे खरी ताई ठिकाणं नावानिशी सांगेल. मी ती छापत नाही. का, ते पुढे येईल.)

डॉक्टर : कुणीच नाही. म्हणून तर तुमचं कपाट हवंय. बघा, २०१९ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने देशभराचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. दोन लाख घरं, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं. पण टोचून नशा करणारा घरात सापडत नाही, आणि सापडला तरी बोलत नाही. म्हणून त्यांनी दुसरी वाटही धरली. नशेच्या विळख्यातल्या काही जणांना गाठायचं, त्यांना कूपन द्यायची, त्यांनी आपल्या ओळखीच्यांना आणायचं, त्यांनी आणखी पुढच्यांना. असे ७२ हजारांवर लोक भेटले. त्यातले उपचारापर्यंत किती पोचले होते हे विचारून, आणि उपचार केंद्रांचे आकडे शेजारी ठेवून, न दिसलेल्यांचा अंदाज बांधला. देशात टोचून नशा करणारे साडेआठ लाख.

ताई : आणि कुठलं कूपन कुणी कुणाला दिलं, हे लिहून ठेवलेलं असतं?

डॉक्टर : ठेवावंच लागतं. त्याशिवाय गणित होत नाही.

ताई : म्हणजे कोण कोणाला ओळखतो याचा नकाशा. पोलीस चौकीत हेच मिळवायला दोन थपडा मारतात. तुम्ही एका कूपनावर मिळवलंत.

डॉक्टर गप्प बसले असं लिहिण्याचा मोह होतो, पण असली माणसं गप्प बसत नाहीत. आणि बसायचं कारणही नव्हतं. साखळीचा तक्ता मुख्य फाइलीपासून वेगळा काढता येतो, क्रमांक नव्याने पाडता येतात. या कामात मुरलेल्या माणसाला हे ठाऊक असतं. डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि पुढे ठाण्यावर आले.

डॉक्टर : तुमच्या पट्ट्याचं वेगळंच दुखणं आहे. मुलुंड चेकनाका ओलांडला की खातं बदलतं. अलीकडे मुंबईची एड्स नियंत्रण सोसायटी, पलीकडे राज्याची. तुमचा माणूस सकाळी मशीद बंदरला माल घेतो, दुपारी ठाण्याला टोचतो, रात्री कल्याणला झोपतो. तो एक आहे की तीन?

ताई : कधी तीन, कधी शून्य.

डॉक्टर : त्यात जिल्हाच फुटला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्याआधी गेट्स फाउंडेशनच्या 'आवाहन' कार्यक्रमासाठी आयसीएमआरच्या संस्थांनी २००५ ते ०७ आणि पुन्हा २००९-१० मध्ये वर्तन आणि रक्त, दोन्हींची पाहणी केली होती. महाराष्ट्राची बाजू भोसरीच्या 'नारी'कडे, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे होती आणि ठाणे जिल्हा त्यात होता. त्यातलं 'ठाणे' म्हणजे वसई-डहाणूसकट ठाणे. आजचा पोरगा संगणकावर दोन्ही 'ठाणे' शेजारी मांडणार आणि सांगणार, प्रमाण इतकं घटलं. माहितीसोबत ती कधीची, कुठल्या हद्दीतली, कुठला प्रश्न कुठल्या भाषेत विचारला, हे लिहून ठेवलं नाही तर ती माहिती खोटं बोलायला लागते. दफ्तर जपायचं म्हणजे नुसते कागद जपायचे नाहीत, हा तपशील जपायचा.

ताई : आमच्या रजिस्टरात असला तपशील नाही.

डॉक्टर : तुमच्या डोक्यात आहे. 'इतर' या रकान्यात तुमच्या मुलांनी पहिल्यांदा 'एमडी' कधी लिहिलं? सरकारने ते, म्हणजे मेफेड्रोन, एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत घातलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. तुमच्या रजिस्टरात ते त्याच्या किती आधी आलं, कुठल्या वयाच्या पोरांकडे आलं, हे मला कुठलं राष्ट्रीय सर्वेक्षण सांगणार? ऐंशीच्या दशकात गर्द आली तेव्हा अनिल अवचटांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, पुण्यात 'मुक्तांगण' उभं राहिलं, म्हणून त्या काळाबद्दल आपल्याला काही ठाऊक तरी आहे. ठाणे-कल्याणमध्ये गर्दकडून नॉर्फिन या औषधाच्या सुईकडे माणसं कशी गेली, हे तुमच्या कपाटाबाहेर कुठे लिहिलंय?

हा डॉक्टरांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे असं मला वाटतं. मोठ्या पाहण्या दर काही वर्षांनी एकदा वरून फोटो काढतात. बदल घडतो मधल्या काळात, आणि तो टिपणारा माणूस कंत्राटी असतो.

ताईने मग एक रजिस्टर काढलं.

ताई : एक ओळ वाचते. नाव सोडून. 'वय ३१. हमाल. सहा वर्षं टोचतो. दिवसाला दोनदा. दुसऱ्याची सुई वापरली, हो. आयसीटीसीला तपासणीला पाठवलं. पॉझिटिव्ह. एआरटी सुरू.' आता सांगा, या ओळीतला कुठला रकाना त्या माणसाला जास्त घातक?

डॉक्टर : एचआयव्हीचा, अर्थात.

ताई : सगळे असंच म्हणतात. लोकांच्या तोंडाचं बोलाल तर तोच. कायद्याचं बोलाल तर उलट आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. कलम ८ : कोर्टाने न्यायासाठी गरजेचं आहे असा हुकूम केल्याशिवाय कुणालाही आपल्या एचआयव्हीबद्दल सांगायची सक्ती नाही. कलम ११ : अशी माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ती सांभाळायची व्यवस्था केलीच पाहिजे. कोर्टात केस चालली तर नाव बदलून चालवता येते. हे झालं शेवटच्या रकान्याचं. आता 'दिवसाला दोनदा' हा रकाना घ्या. एनडीपीएस १९८५, कलम २७. हेरॉइन घेतलं, एक वर्षापर्यंत कैद. मॉर्फिन, कोकेन, तेच. बाकीच्या मालाला सहा महिन्यांपर्यंत. त्या रकान्याला कुठलं कलम सांभाळतं?

डॉक्टर : तुम्ही २०१७ च्याच कायद्याचं कलम २२ विसरताय. एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी, सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जे केलं जातं तो गुन्हा नाही. कायद्यात उदाहरणच दिलंय : स्वच्छ सुई देणारा आणि ती घेणारा, दोघांवरही कारवाई होऊ शकत नाही.

ताई : सुई सुटली. पुडी?

डॉक्टर : एनडीपीएसचं ६४-अ आहे. व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर कलम २७ खाली त्याच्यावर खटला नाही.

ताई : उपचाराला गेला तर. माझ्या रजिस्टरात निम्मे असे आहेत जे कधीच गेले नाहीत. सुई घेतली, चहा प्यायले, गेले. त्यांनी हा रकाना भरू दिला कारण समोर मी होते. 'ताई, कुणाला सांगणार नाही ना?' मी म्हटलं, नाही. तुम्हाला हे कपाट दिलं की तो शब्द माझ्याकडून तुमच्याकडे जातो. तुमच्याकडून कुणाकडे?

इथे मला मध्ये पडायचंय, कारण वादाचं मूळ इथे आहे आणि ते बहुतेक चर्चांमध्ये दिसतच नाही. नशा आणि एचआयव्ही यांची माहिती आपण एका दमात 'संवेदनशील' म्हणून टाकतो. पण त्याच माणसाच्या त्याच ओळीत एका रकान्याला कायदा आडोसा देतो आणि शेजारच्याच रकान्यावरून दुसरा कायदा त्याला उचलून नेऊ शकतो. आपल्या साक्षीच्या कायद्यात नवरा-बायकोमधलं बोलणं आणि वकील-अशिलामधलं बोलणं यांना संरक्षण आहे. १८७२ च्या कायद्यात होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. डॉक्टरला नाही, संशोधकाला नाही, आउटरीच वर्करला तर नाहीच.

अमेरिकेत हे कोडं लवकर पडलं. व्हिएतनामहून परतलेले सैनिक हेरॉइन घेतात का, हे विचारायचं होतं. पण खरं सांगितलं तर तुरुंग, मग खरं सांगणार कोण? म्हणून १९७० च्या औषध नियंत्रण कायद्यात संशोधकांसाठी गोपनीयतेच्या प्रमाणपत्राची तरतूद झाली. ते हातात असलं की सहभागी माणसाची ओळख उघड करायची सक्ती संशोधकावर करता येत नाही. २०१६ च्या कायद्यानंतर सरकारी आरोग्य संस्थेच्या पैशांवर चालणाऱ्या अशा संशोधनाला ते आपोआप मिळतं. हा पाया असल्यामुळे मिशिगन विद्यापीठात व्यसन आणि एचआयव्ही या दोन विषयांच्या संशोधन-माहितीचं राष्ट्रीय दफ्तर उभं राहू शकलं. काही फायली कुणालाही खुल्या. काही फक्त करार करून, नियम पाळून. २५ जानेवारी २०२३ पासून त्या आरोग्य संस्थेचा पैसा घेणाऱ्या संशोधकाला माहिती कशी जपणार आणि वाटणार याची योजना आधी द्यावी लागते. आपल्याकडे 'वाटा' हा अर्धा भाग पटकन येतो. २०१२ मध्येच सरकारी माहिती खुली करण्याचं राष्ट्रीय धोरण आलं. 'सांभाळा' हा अर्धा भाग व्यसनाच्या बाबतीत अजून आलेला नाही.

ताई : म्हणजे अमेरिकेत प्रमाणपत्र. माझ्याकडे काय? कपाटाची किल्ली. तिचीही डुप्लिकेट शिपायाकडे.

डॉक्टर : मी नावं मागतच नाही हो. नाव, टोपणनाव, एआरटी नंबर, मोबाइल, सगळं काढून टाका. रकाने द्या, माणूस नको.

ताई : नाव काढलं की माणूस जातो?

डॉक्टर : (जरा थांबून) नाही जात. खोटं कशाला बोलू? १९९७ च्या सुमाराची गोष्ट आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी नोकरांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधनाला दिल्या होत्या. लतान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड घेऊन मतदार यादीशी ताडून पाहिलं आणि खुद्द गव्हर्नरच्या आजारपणाची नोंद काढून दाखवली.

ताई : आणि तो गव्हर्नर होता. माझ्याकडे टोचणाऱ्या बायका किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. 'डोंबिवली पूर्व, स्त्री, वय ४४, घरकाम' एवढं छापा. नाव नको. गल्लीतली पोरं सांगतील कोण ती.

डॉक्टर : म्हणून वय ४४ लिहायचं नाही, '४० ते ४९' लिहायचं. डोंबिवली लिहायचं नाही, 'ठाणे जिल्हा' लिहायचं. एखाद्या चौकटीत पाचापेक्षा कमी माणसं आली तर ती चौकट झाकायची. बारीक तपशिलाची प्रत बाहेर जाणारच नाही. ज्याला हवी त्याने येऊन, सही करून, बंद खोलीत बसून काम करायचं. बाहेर नेताना फक्त निकालाचा तक्ता, तोही तपासून.

ताई : आणि 'ठाणे जिल्हा' म्हटल्यावर तुमचा तो मशीद बंदर-ठाणे-कल्याणवाला माणूस कुठे दिसणार?

हा या शास्त्रातला कायमचा पेच आहे. ओळख पुसावी तेवढी उपयुक्तता पुसली जाते, आणि उलट. तज्ज्ञ माणसं त्यावर एक वाजवी मधला बिंदू सुचवतात. २०१७ च्या कायद्यातही तसंच आहे : ज्या आकडेवारीवरून माणूस ओळखू येईल अशी वाजवी शक्यता नाही, ती द्यायला संमती लागत नाही. वाजवी कुणाच्या नजरेत, एवढंच तिथे लिहिलेलं नाही. पुण्यातल्या संगणकासमोर बसलेल्या माणसाला ओळखू येणार नाही. स्टेशनबाहेरच्या पानवाल्याला येईल.

ताईचा पुढचा मुद्दा एकट्या माणसाबद्दल नव्हता.

ताई : समजा तुम्ही सगळं नीट केलंत. एकही माणूस ओळखू येत नाही. पण वस्तीचं नाव राहिलं. 'अमुक वस्तीत टोचणाऱ्यांमध्ये इतके टक्के एचआयव्ही.' दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं? गर्दुल्ल्यांचा अड्डा. तिसऱ्या दिवशी स्कायवॉकवर मोहीम. पोरं पांगतात, नव्या जागी जातात, तिथे सुया पोचायला आम्हाला दोन महिने लागतात. त्या दोन महिन्यांत एक सुई चार जण वापरतात. आणि त्या वस्तीतल्या मुलींची लग्नं? त्या तर नशा करतही नाहीत.

डॉक्टर : मान्य. पण लपवूनही माणसं मरतात, ताई. नॅकोच्या सेंटिनल पाहणीत टोचणाऱ्यांमधलं प्रमाण २०१७ ला ६.२६ टक्के होतं. २०२१ ला ९.०३. त्याच सुमाराला सर्वसाधारण प्रौढांमध्ये ०.२१. आता ६.२६ चं ९.०३ कशाने झालं? लागण खरंच वाढली? पाहणीच्या जागा वाढल्या? एआरटीच्या औषधांमुळे माणसं जगताहेत म्हणून मोजणीत जास्त येताहेत? तिन्ही शक्य आहे. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे. छापील टक्केवारीवरून हे कधीच कळत नाही. मूळ ओळी लागतात. तुमच्यासारख्या पाच-पंचवीस कपाटांतल्या ओळी एकत्र ठेवल्या तर कळेल.

ताई : तोवर दर दोन वर्षांनी एक नवी मुलगी नवा फॉर्म घेऊन येते. पहिल्यांदा कधी टोचलंस? कुणी टोचलं? सुई वाटून घेतलीस? कंडोम वापरलास? तोच पोरगा, तेच प्रश्न. एकाने मला विचारलं, 'ताई, मागच्या वेळी सांगितलं ते हरवलं का यांच्याकडून?'

डॉक्टर : बघा! हरवलंच ना. दफ्तर असतं तर ती मुलगी आली नसती.

ताई काही बोलली नाही. कपाटाच्या बाजूने केलेला हा एकच युक्तिवाद तिच्या माणसाच्या तोंडून आलेला होता. पण तिने शरणागती पत्करली असं समजू नये.

ताई : संमतीचं काय? तुमच्या फॉर्मवर त्यांचा अंगठा आहे. तो अंगठा कधी घेतला? टर्की लागलेली असताना. नाक गळतंय, पोटात पिळवटतंय, आणि समोर एक बाई 'या अभ्यासाचा उद्देश' वाचतेय. तो कशालाही हो म्हणेल. त्याने 'हो' म्हटलं त्या दिवशीच्या फॉर्मला. वीस वर्षांनी कुणा अनोळखी माणसाने ते वाचावं याला त्याने हो म्हटलेलं नाही.

डॉक्टर : आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. माहितीवरची ओळख पुसलेली असेल आणि पुन्हा संमती घेणं शक्य नसेल, तर नैतिकता समिती ती अट शिथिल करू शकते. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही संशोधन आणि दफ्तर जतन यांना सूट आहे, अट अशी : त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि सरकारने ठरवलेली मानकं पाळायची.

ताई : समितीत कोण असतं?

डॉक्टर : सात ते पंधरा जण. डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, एक सामान्य नागरिक.

ताई : आणि टोचणारा?

डॉक्टर : …गरजेप्रमाणे त्या समूहाच्या प्रतिनिधीला बोलावता येतं.

ताई : बोलावता येतं.

कॅसेटींवर दोघांचं काहीच जमलं नाही. रकाने झाकता येतात, आवाज झाकता येत नाही. आवाज बदलला तर जे ऐकायचं तेच जातं : रडताना मध्येच हिंदीत शिरणारी मराठी, आईबद्दल बोलताना खाली गेलेला स्वर. डॉक्टरांना त्या पन्नास वर्षं कुलूपबंद ठेवून मग उघडायच्या आहेत. ऐकायला बरं वाटतं. पण बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या बंडखोरांच्या मुलाखती अशाच घेतल्या होत्या, बोलणारा मेल्याशिवाय उघडणार नाही असं सांगून. २०११ मध्ये पोलिसांच्या मागणीवरून अमेरिकन कोर्टाचे समन्स आले आणि त्या वचनाला कायद्यापुढे फारशी किंमत नाही हे सगळ्यांना कळलं. त्या प्रकरणात खुनाचा तपास होता, इथे नशेच्या कबुल्या आहेत. गुन्ह्याचं वजन वेगळं आहे, वचनाचा ठिसूळपणा एकच आहे. मला विचाराल तर फॉर्म आणि रजिस्टरं जपावीत, नाव आणि क्रमांक जोडणारी यादी पंचांसमोर फाडावी, आणि कॅसेटींचं ज्यांच्या आहेत त्यांच्यातले जे सापडतील त्यांना विचारावं. बाकीच्यांच्या कॅसेटींबद्दल मी ताईच्या बाजूने झुकतो, पण पुरता नाही.

आणि ठेवायचं कुठे? बाहेरच्या देशातल्या दफ्तरावर विसंबायचे दिवस गेले. कुटुंब आरोग्य पाहणीसारख्या जगभरच्या पाहण्यांना हात देणारा, त्यांची माहिती वाटणारा अमेरिकी कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये परदेशी मदत थांबली तसा थांबला आणि नव्या अभ्यासकांचे अर्ज अडकले. आपली कुटुंब पाहणी देवनारची लोकसंख्या-विज्ञान संस्था करते, तिची प्रत आपल्याकडे आहे, ही सोय झाली. ताईच्या कपाटाची प्रत कुठेच नाही.

डॉक्टर : तर ठरलं. जाळायचं नाही. नावांची यादी माझ्यासमोर फाडा, लागलं तर मी पंच. रजिस्टरं स्कॅन करू, हद्दीचा आणि प्रश्नांचा तपशील तुम्ही सांगा, मी लिहितो. नशेचा रकाना आणि एचआयव्हीचा रकाना वेगवेगळ्या फायलीत, वेगवेगळ्या ठिकाणी. दोन्ही एकत्र पाहायच्या असतील तर समितीची परवानगी.

ताई : समितीत आमची माणसं किती? सुटलेली आहेत काही, पीअर एज्युकेटर म्हणून काम केलेली. वाचता येतं, हिशेब कळतो.

डॉक्टर : तुम्ही किती म्हणताय?

ताई : निम्मी.

डॉक्टर : निम्मी कुठलीही संस्था देणार नाही, ताई. एक तृतीयांशासाठी भांडतो.

ताई : भांडा. तोवर कपाट माझ्या घरी राहील. आणि शिपायाकडची ती किल्ली आधी आणा.